यंत्र आले, मास्तर कुठे आहे?



कपाशीची पहिली वेचणी सुरू झाली की शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. मालेगाव, नांदगाव, येवल्याकडच्या कोणत्याही गुरुजींना विचारा, ते हेच सांगतील. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि फुटलेले बोंड परतीच्या पावसात भिजले की व्यापारी भाव पाडायला टपलेलाच असतो. म्हणून सातवीतली पोर आईबरोबर ओटी बांधून वावरात जाते. संध्याकाळी ती बापाचा फोन मागते, कारण बुडालेला अभ्यास फोनवर आलेला असतो. फोन बापाच्या खिशात आणि बाप बाजाराला. तो घरी येतो तेव्हा फोनची बॅटरी तरी उतरलेली असते, नाहीतर रिचार्ज तरी संपलेला असतो. कागदोपत्री मात्र या मुलीचे शिक्षण 'डिजिटल' झालेले असते.

भावाचा, पाण्याचा, विजेचा प्रश्न बाजूला ठेवून शाळेवर अग्रलेख कशाला, असे काही जण विचारतील. ज्याच्याकडे चार एकर कोरडवाहू रान आहे आणि दोन मुले आहेत, त्याला याचे उत्तर आम्ही सांगायची गरज नाही. त्या चार एकरांत दोघांचे संसार उभे राहत नाहीत. एकाला तरी बाहेरची वाट धरावी लागणार, आणि ती वाट गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या दारातून जाते. दुसरे दार शहरातल्या इंग्रजी शाळेचे. त्याची फी ज्वारी विकून भरता येत नाही. तेव्हा शाळेत काय येते, काय जाते आणि ते कोण ठरवते, हा आपल्या घरचाच प्रश्न आहे.

नाशिक जिल्ह्याने पाहिलेला प्रयोग

शिक्षणात यंत्र आणण्याची गोष्ट कालपरवाची नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. त्यासाठी पाच जिल्हे निवडले होते : पुणे, अहमदनगर, उत्तर सातारा, कोल्हापूर आणि आपला नाशिक. दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे बसवली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास शेतीवरचा कार्यक्रम, असे दहा आठवडे चालले. पंधरा-वीस माणसे रेडिओभोवती जमायची, कार्यक्रम ऐकायची, आणि रेडिओ बंद झाला की खरे काम सुरू व्हायचे. आपल्या गावात हे जमेल का, जमत नसेल तर का नाही, यावर चर्चा व्हायची. शंका निघाल्या की त्या लिहून पुण्याला पाठवल्या जायच्या आणि तिकडून उत्तर यायचे.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पॉल न्यूराथ या अभ्यासकाच्या मार्गदर्शनाखाली झाली. त्यांनी तीन प्रकारची गावे ताडून पाहिली : मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली. मंडळाच्या गावांत माणसांची माहिती भरभरून वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नव्हता. खोके तेच, आवाज तोच, कार्यक्रमही तोच. फरक पडला तो ऐकून बोलायला बसलेल्या माणसांमुळे आणि उलट प्रश्न विचारायची सोय होती म्हणून.

पुढे १९५९ नंतर ही योजना देशभर नेण्यात आली. मंडळांची संख्या हजारांवर गेली आणि कागद भरले. गावोगावचे संच नादुरुस्त होऊन पडले, दुरुस्तीला कोणी आले नाही, शंकांना उत्तरे मिळेनाशी झाली. हळूहळू मंडळे मोडली. यंत्र गावात पोचले, पण त्याच्यामागचा माणूस वाटेतच गळाला. गेल्या सत्तर वर्षांत हाच खेळ आपण पुन्हा पुन्हा पाहत आलो आहोत.

दर दहा वर्षांनी एक नवे खोके

१९७५ सालच्या १ ऑगस्टला अमेरिकेचा उसना उपग्रह वापरून देशातल्या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन संच सुरू झाले. शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम आणि संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम, असा 'साइट' नावाचा तो मोठा प्रयोग होता. आपल्या शास्त्रज्ञांनी त्यात कसब दाखवले, यात शंका नाही. पण उपग्रह एका वर्षाच्या बोलीवर मिळाला होता. ३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली आणि त्यावरून येणारे कार्यक्रम थांबले.

१९८४-८५ मध्ये संगणक आले. 'क्लास' नावाच्या योजनेत सुमारे अडीचशे शाळांना ब्रिटनमध्ये घडवलेले संगणक मिळाले. देशात लाखो शाळा असताना अडीचशे हा आकडाच बोलका आहे. त्यावर चालायचे ते पाठ इंग्रजीत. मराठी शाळेतल्या मुलाला आधी इंग्रजी आणि मग संगणक, असे दोन डोंगर चढायचे होते. गंमत अशी की १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शैक्षणिक तंत्रज्ञानावर स्वतंत्र मजकूर लिहिला, आणि त्याच धोरणातून 'खडू-फळा मोहीम' निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि एक फळा असावा, असे तिचे उद्दिष्ट होते. म्हणजे एका हाताने संगणक द्यायचा आणि दुसऱ्या हाताने फळा, अशी आपल्या शाळांची अवस्था. त्यातला फळा जास्त कामी आला, हे त्या शाळांत शिकलेली आपली पिढी सांगू शकेल.

तिसरी गोष्ट पुण्याच्या बालचित्रवाणीची. १९८४ साली स्थापन झालेली ही राज्याची संस्था दूरदर्शनवर मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम करत असे. ज्यांच्या गावात तेव्हा एकच संच होता, त्यांना ते नाव आजही आठवत असेल. पुढे केंद्राचे अनुदान आटले, राज्याने हात आखडता घेतला, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ साली संस्थेला टाळे लागले. तीनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, करोनामुळे राज्यातल्या सगळ्या शाळा बंद झाल्या. घरात बसलेल्या मुलांसाठी दूरदर्शनवर मराठी पाठ हवे होते आणि ते करणारी सरकारी संस्था सरकारनेच बंद केलेली होती! जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, ती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केलेली. मुलांना घरातल्या आणि परसातल्या वस्तू घेऊन करून बघायला लावणारी ती मालिका चांगली होती. पण विहीर बुजवून टाकायची आणि आग लागली की दुसऱ्याच्या दारात बादली घेऊन उभे राहायचे, याला धोरण म्हणत नाहीत.

त्या काळात काय झाले, ते आपण सोसले आहे. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या शाळा उघडायला राज्य सरकारने १ डिसेंबर २०२१ पासून परवानगी दिली. वीस महिने लहान मुले शाळेविना राहिली. 'असर'च्या २०२१ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यातल्या २६.१ टक्के मुलांना तो हाताळायलाच मिळत नव्हता. फोन घराचा, म्हणजे आधी बापाचा, मग थोरल्या मुलाचा. मुलीची पाळी शेवटी, आणि तोवर रात्र होते. याचा परिणाम मोजलेला आहे. तिसरीतली जी मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले. शाळा पुन्हा नियमित भरू लागल्या, वाचन-लेखनावर शिक्षकांनी जोर दिला, तेव्हा कुठे २०२४ मध्ये ते २७.१ टक्क्यांवर आले. सहा वर्षे चालून आपण जिथे होतो तिथेच आलो. या सहा वर्षांत घरोघरी फोन मात्र वाढत गेले.

बांधावरून पाहून घेतलेले बियाणे

आम्ही यंत्राच्या विरोधात आहोत, असा अर्थ कोणी काढू नये. या देशात नवे तंत्र सगळ्यांत आधी कोणी उचलले असेल तर ते शेतकऱ्याने. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण आले, १९७० मध्ये एच-४ हा संकरित कापूस आला, २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. आपण ती वाणे घेतली. पण कशी घेतली? शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून पीक पाहिले. एक एकर पेरून बघितले. दाणा चाखला, कडबा जनावराने खाल्ला का ते पाहिले, बाजारात भाव काय मिळतो ते पाहिले, आणि पटले तेव्हा पेरा वाढवला. नाही पटले तर टाकून दिले. घरच्या भाकरीसाठी मालदांडी आणि दादर आजही टिकून आहे, ती अशीच.

आणि वाण कितीही चांगले असले तरी जमिनीत वाफसा नसेल तर ते उगवत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. शिवाय एका तंत्रावर डोळे मिटून विसंबले की काय होते, ते २०१७ साली गुलाबी बोंडअळीने दाखवून दिले.

शाळेच्या बाबतीत हा साधा व्यवहार कोणी पाळत नाही. दिल्लीत किंवा मुंबईत निर्णय होतो, निविदा निघते, खोकी येतात, फोटो निघतो. त्या शाळेत वीज आहे का, बिल कोण भरणार, यंत्र बिघडले तर तालुक्याला दुरुस्त करणारा आहे का, पाठ मराठीत आहेत का, आणि ते चालवायला शिक्षकाला वेळ आहे का, हे कोणी विचारत नाही. वीजबिल थकले म्हणून जोडणी तोडलेल्या जिल्हा परिषद शाळांच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. सरकारच्याच 'यूडायस प्लस'च्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू संगणक आहेत आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट आहे. उरलेल्या शाळा कोणाच्या मुलांच्या असतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

बाहेरच्या देशांचा अनुभवही पाहावा. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने गरीब खेड्यांतल्या मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकन विकास बँकेने ३१९ शाळांची तपासणी करून २०१२ मध्ये अहवाल दिला. गणितात आणि भाषेत फरक पडलेला नव्हता. स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी सरकारी पैसा वाढवला. त्याच वर्षी युनेस्कोने शिक्षणातील तंत्रज्ञानावर जागतिक अहवाल काढला आणि त्याच्या नावातच प्रश्न ठेवला : हे साधन कोणाच्या अटींवर? आपलाही प्रश्न तोच आहे.

जिथे अटी शिक्षकाच्या आणि गावाच्या असतात, तिथे यंत्र कामी येते. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून धड्याला चित्र आणि आवाज जोडण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने आधी आपल्या वर्गात राबवली. मग ती राज्याच्या पुस्तकांत आली, आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार मिळाला म्हणून आम्ही हे सांगत नाही. आधी एका वर्गात पेरले, उगवले, मग पेरा वाढवला, हा क्रम आपल्या ओळखीचा आहे म्हणून सांगतो. आपल्या नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ घ्या. १९८९ साली ते स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवात कशाने केली? घरी एकट्याने वाचून समजेल अशा मराठी पुस्तकांनी आणि जवळच्या अभ्यासकेंद्राने. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद त्यांनी आधी छापील पानावर पाळले, बाकीची साधने त्याच्या जोडीला. शेतात राबून रात्री कंदिलाखाली किंवा दिव्याखाली शिकलेल्यांना विचारा, चांगले लिहिलेले पुस्तक हे केवढे मोठे तंत्रज्ञान आहे ते.

पडदा देऊन शाळा नेणार?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा कमी पटाच्या शाळा राज्यात पंधरा हजारांच्या घरात आणि त्यात शिकणारी मुले पावणेदोन लाखांहून जास्त. मोठ्या शाळेत संगणक असतील, खेळाचे मैदान असेल, मुलांना न्यायला-आणायला गाडी असेल, असे सांगण्यात आले. ऐकायला गोड आहे. पण शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे, असे बंधन घातले आहे. वस्तीवरची, मळ्यातली, तांड्यावरची शाळा पटाअभावी बंद झाली आणि गाडीचे पैसे दोन वर्षांनी थांबले, तर मुलगा सायकलवर जाईल. मुलगी कुठे जाईल? ती वावरात जाईल, आणि तीन वर्षांनी मांडवात.

आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुले ऑक्टोबर २०२२ मध्ये शेळ्या हाकत नाशिकला जिल्हा परिषदेकडे निघाली होती. शाळा देता येत नसेल तर ही दप्तरे परत घ्या आणि आम्हाला शेळ्या द्या, निदान त्या तरी वळू, असे त्यांचे म्हणणे होते. ती मुले भाताच्या मुलखातली, आपण कापूस-ज्वारीच्या मुलखातले. पण शाळेचे दार बंद झाले की दोघांची वाट एकाच रानात जाते. त्या मुलांनी जे केले ते मोठ्यांना लाज आणणारे होते आणि शिकवणारेही.

पडदा आणि फोन हे शाळेच्या जोडीला असतील तर त्यांचे स्वागत आहे. एका शिक्षकाकडे चार वर्ग असतील तर एका वर्गाला गोष्ट ऐकवायला ते साधन मदतीला येईल. पण पडदा आहे म्हणून शिक्षकाची जागा भरायची नाही, फोन आहे म्हणून शाळा लांब नेली तरी चालेल, असा हिशेब कोणी मांडू लागला तर तो हिशेब आपल्या मुलांच्या मुळावर येणारा आहे.

कागद त्यांचाच, बोट आपले

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा कागद काढून पाहा. त्यात राष्ट्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान मंच स्थापन करायचे म्हटले आहे. पण ऑनलाइन शिक्षणाचे आधी छोटे प्रयोग करून फायदे-तोटे तपासावेत, असेही त्यात लिहिले आहे. सगळ्यांकडे साधने नाहीत म्हणून रेडिओ, दूरदर्शन आणि सामुदायिक रेडिओचा भरपूर वापर करावा, हेही आहे. शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे, हेही आहे. म्हणजे आपण जे मागतो आहोत ते त्यांच्याच कागदावर आहे. कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवून विचारायचे काम आपले.

हे काम महाराष्ट्राने पूर्वी केलेले आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, हे त्यांनी तिथे सुनावले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे प्राथमिक ज्ञान द्या, शिक्षक चांगले प्रशिक्षित आणि पुरेशा पगाराचे नेमा, अशा मागण्या त्यांनी केल्या. त्यांच्या वेळी ना रेडिओ होता ना संगणक. तरी मागणी आजच्या इतकीच ताजी आहे, कारण तिच्या मध्यभागी यंत्र नाही, मूल आहे.

बैठकीपुढे ठेवण्याचे मुद्दे

जिल्हा बैठकीत पुढील मुद्द्यांवर चर्चा व्हावी, असे आम्हाला वाटते.

एक, कोणत्याही शाळेत यंत्र द्यायचे तर त्याच्याबरोबर पाच वर्षांचे वीजबिल, दुरुस्ती आणि इंटरनेट यांची तरतूद लेखी द्यावी. बिनवैरणीचा बैल कोणी दावणीला बांधू नये.

दोन, रिकाम्या शिक्षकांच्या जागा आधी भराव्यात. पडदा नंतर.

तीन, मुलांसाठीचे पाठ मराठीत असावेत, आणि नेट नसतानाही चालतील असे असावेत. रेडिओ आणि दूरदर्शनवर रोज ठरलेल्या वेळी पाठ लागावेत, आणि ते करणारी राज्याची कायम संस्था असावी.

चार, वेचणीच्या आणि काढणीच्या हंगामात बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी त्या त्या भागातल्या शाळेला वेळापत्रक बदलण्याची मोकळीक असावी.

पाच, गावातली शाळा बंद करण्याचा किंवा दुसरीत मिसळण्याचा निर्णय ग्रामसभेच्या ठरावाशिवाय होऊ नये.

आणि एक काम सरकारचे नाही, आपले आहे. बैठकीहून परत गेल्यावर प्रत्येकाने आपल्या गावच्या शाळेत जावे. शाळा व्यवस्थापन समितीत अर्ध्याहून जास्त जागा पालकांच्याच असतात, त्या नुसत्या सहीपुरत्या राहू देऊ नयेत. शाळेतले कपाट उघडायला सांगावे. आत किती संगणक आहेत, किती चालतात, शेवटचे कधी सुरू केले, हे वहीत लिहून आणावे. गुरुजींना दोष द्यायला जायचे नाही. त्यांच्याकडे किती वर्ग आहेत, किती माहिती रोज वर पाठवावी लागते, आणि शिकवायला किती वेळ उरतो, हेही विचारावे. १९५६ साली याच जिल्ह्यातली माणसे रेडिओ बंद झाल्यावर बोलायला बसत होती आणि पुण्याला प्रश्न लिहून पाठवत होती. पुढच्या बैठकीला या वह्या एकत्र करू. मग नाशिकला जाऊन जिल्हा परिषदेपुढे ठेवायला आपल्याकडे भाषण नसेल, हिशेब असेल.

आणि घरी गेल्यावर एवढे करा. वेचणीहून आलेल्या मुलीच्या हातात फोन तर द्याच, पण तासभर तिच्याजवळ बसा. तुम्हाला वाचता येत नसेल तर तिला मोठ्याने वाचायला सांगा. ती वाचते का, एवढे तरी कळेल.